एक वाटा जास्तीचा

अहमदनगर,
२६ सप्टेंबर १९७१

प्रिय कृपा,

प्रभूच्या नावात सलाम.

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुला वाटलं असेल, बाबांना काहीतरी झालं. काही झालेलं नाही. आत्ता ते ओट्यावर बसून छापखान्यातल्या श्रीमंतकडून वर्तमानपत्र वाचून घेताहेत आणि त्याचे उच्चार सुधारताहेत. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, तरी शांतवन मास्तरांची शाळा काही सुटत नाही. तेव्हा तुझा जीव भांड्यात पडू दे.

बाबांना मिरजेला तुझ्याजवळ न्यायचं की इथं माझ्याजवळ ठेवायचं, यावरून आपण दोघी एस्टी स्टँडवर भांडलो ते निम्म्या नगरनं ऐकलं. तेव्हापासून नाताळच्या कार्डापलीकडे आपण एकमेकींना काही लिहिलं नाही. त्या भांडणाचा निकाल मला आज लावायचा नाही. आज मला भाजीबद्दल लिहायचं आहे. हसू नकोस. सांगावंसं वाटलं आणि ज्याला सांगावं असं दुसरं कोणी आठवेना, म्हणून लिहिते.

केडगावची छबूबाई तुला आठवत असेल, आपल्या गल्लीत निंबाखाली भाजीची पाटी घेऊन बसायची आणि तुला मुळा फुकट द्यायची. ती आता थकली. तिची सून चांगुणा येते. एका दिवसाआड, डोक्यावर पाटी, सकाळी खुडलेली भाजी. मेथीच्या मुळांची माती अजून ओली असते. गेल्या आठवड्यात पाटी उतरवताना ती म्हणाली, "बाई, ह्या हिवाळ्यापस्नं न्हाई यायची मी. मालकांनी ठरवलंय, समद्या बागायतात घास करायचा."

घास म्हणजे आपल्याकडे दुभत्या जनावरांना घालतात तो. गवळी बांधावर येऊन कापून नेतात, विकायची कटकट नाही. तिचा नवरा गोरक्ष म्हणतो, बाजारात नेलेली मेथी दुपारपर्यंत कुणी उचलली नाही तर शेवटी गाईपुढेच टाकायची. त्यापेक्षा सरळ गाईचंच पेरतो. त्याचं चूक नाही. पण भाजीचा मळा चांगुणाच्या हातचा आहे. बी धरण्यापासून वाफे बांधण्यापर्यंत सगळं ती बघते. घास झाला की तिला स्वतःच्या रानात काम उरणार नाही, दुसऱ्याच्या रानात खुरपायला जावं लागेल. हे ती म्हणाली नाही. पाटी उचलून द्यायला गेले तेव्हा मला तिच्या तोंडावर दिसलं.

मग मी एक उद्योग केला. गल्लीतल्या बायकांना निंबाखाली गोळा केलं आणि म्हटलं, आपण सगळ्या घरांनी मिळून हिचा भाजीचा मळा धरू या. हंगामाचे पैसे पेरणीआधीच द्यायचे. मग दर शनिवारी मळ्यात जे निघेल ते सगळ्या घरांत सारखं. भरपूर आलं तर भरपूर. कीड पडली, गारठ्यानं जळलं, तर त्या आठवड्याला पाटी हलकी आणि कुणी तोंड वाकडं करायचं नाही.

शेजारची रतनबाई म्हणाली, "म्हणजे न बघता भाजी घ्यायची? नवरा न बघता केला तेवढं पुरे नाही का झालं?"

सगळ्या हसल्या आणि हसता हसता हो म्हणाल्या. रतनबाईसुद्धा. चांगुणाला मात्र खरं वाटेना. "आन् न्हाईच पिकलं तर?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "तर आमचंही नाही पिकलं." बाबांनी ओट्यावरून सगळं ऐकलं होतं. म्हणाले, पहिलं घर आपलं धर.

बरं वाटतंय ग मला. पुष्कळ दिवसांनी.

तुझी अक्का,
मरिया

—

अहमदनगर,
३१ ऑक्टोबर १९७१

प्रिय कृपा,

सलाम.

तुझं कार्ड मिळालं. "बाबांचे डोळे कसे आहेत?" एवढं एकच वाक्य. पोस्टाची जागा बरीच वाया घालवलीस. डोळे ठीक आहेत.

तुझ्याकडे कुणी हसलंच माझ्या उद्योगाला, तर त्यांना खुशाल हसू दे. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. आपल्या घरात ही म्हण कशी चालते विचारू नकोस, पण काल जे झालं त्याला दुसरी म्हण नाही.

काल पहिला शनिवार. गोरक्ष स्वतः बैलगाडी घेऊन आला. गाडीत ओल्या गोणपाटाखाली पाट्या, आणि पाट्यांच्या मधे चांगुणा, नव्या लुगड्यात. जणू वरात. मेथी, चुका, पानांसकट मुळे, काटेरी देठाची वांगी, मिरच्या. सगळी दारं उघडली, बायका पदर खोचून बाहेर आल्या. गोरक्ष गाडीवर उभा राहिला आणि त्यानं खड्या आवाजात हाळी दिली: "बलुतं न्या ओ मंडळी, बलुतं! मळ्यातलं पयलं बलुतं!"

मी हसले. मला ते कौतुकच वाटलं. गावात सुताराला, लोहाराला वर्षाचं धान्य देतात ते बलुतं, एवढं मला शाळेच्या पुस्तकातून ठाऊक. वर्षभराचं नातं बांधलं म्हणून तो तसं म्हणाला असणार. मी पुढं होऊन आपली पाटी घेतली आणि वळले, तर बाबा ओट्याच्या खांबाला धरून उभे होते.

"ती पाटी परत ठेव, मरिया."

मला वाटलं, त्यांनी काहीतरी भलतंच ऐकलं. म्हटलं, बाबा, ही आपलीच भाजी, आपण आधीच...

"मला ऐकू नीट येतं. परत ठेव."

आवाज चढवला नाही. वर्गात सगळी पोरं गप्प करायला वापरायचे तोच आवाज. मी पाटी ठेवली. ते आत गेले. मग समोरच्या घरातले म्हातारे कंपाउंडर उठले आणि त्यांनी दार लावून घेतलं. मग शेजारचं दार लागलं. ज्या घरात म्हातारं माणूस आहे त्या प्रत्येक घरातून पाटी परत आली. तरण्या बायका एकमेकींकडे बघत उभ्या. रतनबाईनं पाटी परत केली खरी, पण तिच्या ओच्यात वांगी होती, मी पाहिली.

गोरक्ष गाडीवरच उभा. "काय चुकलं आमचं?" त्यानं मला विचारलं. "नंतर येते मी केडगावला," एवढंच म्हणाले. चांगुणानं पाट्या परत गोणपाटाखाली झाकल्या. गाडी वळवायला आपली गल्ली अरुंद, बैल मागं रेटताना त्याचे फार हाल झाले, आणि कुणी मदतीला गेलं नाही.

एका शब्दावरून एवढं? मला बाबांचा राग आला आहे. मी त्यांच्याशी आज बोललेले नाही. ते माझ्याशी बोलतात की नाही हे कळायला मार्ग नाही, कारण ते एरवीही फार बोलत नाहीत.

तुझी अक्का

—

अहमदनगर,
७ नोव्हेंबर १९७१

प्रिय कृपा,

सलाम. डोळे ठीक आहेत असं मी लिहिलं होतं. ठीक नाहीत. डाव्यानं फक्त उजेड कळतो, उजव्यानं माणूस कळतो पण चेहरा नाही. तुझी टोचणी मला सहन होत नाही म्हणून लिहिलं नव्हतं. आता लिहिलं. टोच.

आणि ते भाजी खात नाहीत. मी बाजारातून आणलेली पालेभाजीसुद्धा बाजूला सारतात. डाळ आणि भाकरी, भाकरी आणि डाळ. विचारलं तर म्हणतात, "पुरे आहे."

शुक्रवारी माझी शाळा सुटल्यावर मी केडगावला गेले. गोरक्ष मोट सोडून आला, विहिरीच्या कडेला बसला आणि बराच वेळ माझ्याकडे बघेना. माणूस रागावलेला नव्हता, दुखावला होता, आणि ते जास्त अवघड असतं.

"बाई, आमच्याकडं बलुतं म्हंजी मानाचं असतंया," तो म्हणाला. "सुताराला, न्हाव्याला दिल्याबिगर खळं उठत न्हाई. मी तुमास्नी गावातलं समजून बोल्लो. गिऱ्हाईक म्हनलो असतो तर बरं वाटलं असतं व्हय?"

छबूबाई खोपटाच्या दारात बसली होती. हातपाय थकलेत, जीभ नाही. तिनं मला विचारलं, "मास्तर मूळचं कुठलं?" मी म्हटलं, पाथर्डीकडचे, लहानपणीच गाव सुटलं. "गावात कुठं ऱ्हात हुते?" तिनं विचारलं. वेशीबाहेर, मी म्हटलं. तिनं हळूच मान हलवली. गोरक्ष तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या काही लक्षात आलं नाही, निदान त्या वेळी.

मला जे सुचलं ते मी म्हणाले: "देणाऱ्याला मान वाटतो, गोरक्ष. घेणाऱ्याला कुणी विचारलं होतं का?"

त्यावर तो म्हणाला, "पैसं परत घ्या, बाई. घासाचं बी घरात येऊन पडलंय. थंडी वाढायच्या आत पेरतो, म्हंजी कुनाचंच वाकडं न्हाई."

चांगुणा वाफ्यात पाणी धरत होती. तिनं खोरं थांबवलं नाही. मी निघाले तेव्हा बांधापर्यंत आली आणि म्हणाली, "पंधरा दिस तरी थांबवते मी त्यास्नी. त्याच्या म्होरं माजं चालायचं न्हाई." मग माझ्या पिशवीत कोथिंबीर कोंबली. मी ती घरी आणली आणि लपवून वाटणात घातली. बाबांनी वासानं ओळखली आणि ती डाळही खाल्ली नाही.

काय करू ग?

मरिया

—

अहमदनगर,
२१ नोव्हेंबर १९७१

प्रिय कृपा,

सलाम.

तुझं पत्र आलं. चांगली चार पानं. पहिल्या पानावर तू मला डोळ्यांवरून झापलं आहेस ते मी मुकाट्यानं वाचलं. दुसऱ्या पानावर मात्र मी चमकले. तुला विषमज्वर झाला होता तेव्हा उशाशी बसून बाबांनी तुला खळ्याची गोष्ट सांगितली, आणि मला आजवर कधीच नाही! मी त्यांच्या घरात राहते, त्यांचे सदरे शिवते, आणि सांगितलं कुणाला, तर तुला. खरं सांगते, दिवसभर मला दुसरं काही सुचलं नाही. आणि तुझं शेवटचं वाक्य: "अक्का, तू त्यांच्यासाठी सगळं करतेस, फक्त त्यांना विचारत नाहीस." मिरजेत बसून उंटावरून शेळ्या हाकणं सोपं आहे, असं मी मोठ्यानं म्हणाले. आणि मग विचारायला गेले.

बाबा ओट्यावर पावट्याच्या शेंगा सोलत होते. मी समोर बसले, दुसरं सूप घेतलं आणि म्हटलं, "बाबा, कृपानं मला खळ्याचं कळवलं. पण मला तुमच्याकडून ऐकायचं आहे."

बराच वेळ शेंगाच सोलल्या. मग बोलले. तू ऐकलेलं असेल तेच असेल, तरी लिहिते, कारण आता ते माझंही आहे.

"सुगी झाली की बापाबरोबर जायचो खळ्यावर. आम्ही कडेला उभं राहायचं, आत पाय टाकायचा नाही. सगळ्यांची मापं व्हायची. मग मालक हाक मारायचा, या रे, बलुतं न्या. खळ्याच्या तळाला राहिलेलं, मातीसकट. फुकट नव्हतं ते. बापानं वर्षभर गावाची राखण केलेली असायची, निरोप पोचवलेले असायचे, मेलेली जनावरं ओढलेली असायची. कष्टाचंच होतं. पण हाक येईपर्यंत उभं राहायचं. एकदा हाक मारायला विसरले ते. दिवस मावळला तरी आम्ही उभेच. बापानं आठवण करून दिली नाही. तशी रीत नव्हती."

मी म्हटलं, "गोरक्षला हे ठाऊक नाही, बाबा."

"नाहीच. चांगला माणूस आहे तो. म्हणून तर जास्त लागलं. वाईट माणसाला उत्तर देता येतं."

"मग काय म्हणायचं त्याला?"

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना काहीतरी विचारलं ज्याचं उत्तर मला आधीच ठाऊक नव्हतं. हातातली शेंग त्यांनी तशीच ठेवली.

"वाटा," ते म्हणाले. "अर्धेलीनं जमीन करतात त्यांच्यात वाटे पडतात. एकानं वाटे घालायचे आणि बाकीच्यांनी आधी उचलायचे. ज्यानं घातले त्यानं शेवटी. त्यात कुणी हाक मारत नाही आणि कुणी कडेला उभं राहत नाही. आमच्या घराला कधी वाटा नव्हता. तू घेतेस तो वाटा असेल तर मी खाईन."

दुसऱ्या दिवशी चांगुणा घास पेरायची तारीख, डिसेंबरचा पहिला आठवडा, सांगायला आली, तिच्याजवळ मी निरोप दिला: बाबा म्हणतात आम्हाला बलुतं नको, वाटा हवा. आणि, कृपा, माझ्या हुशारीला काय म्हणू? अर्ध्या केडगावात बोभाटा झाला की नगरच्या ख्रिस्ती लोकांनी गोरक्षच्या मळ्यात वाटा मागितला, आता वाटणीचा दावा लावणार. छबूबाईनं सात-बाराचा उतारा काढून उशाखाली घेतला म्हणे. गोरक्षनं परत निरोप धाडला: "मास्तरास्नी म्हनावं, जे काय मागायचं ते माज्या बांधावर येऊन मागा."

हे सांगितलं तर बाबा हसले. शपथेवर सांगते, हसले. म्हणाले, "टांगा ठरव."

तुझी अक्का

—

अहमदनगर,
५ डिसेंबर १९७१

प्रिय कृपा,

सलाम.

हे पत्र दुपारीच लिहिते आहे, कारण लढाई सुरू झाली आणि संध्याकाळी दिवा लावायची चोरी. खिडक्यांना काळे कागद लावलेत. लष्कराचं गाव असल्यामुळे इथं जरा जास्तच कडक आहे. तुमच्या मिरजेतही असेलच.

आधी तुझ्या कामाचं. बाबा डोळ्यांच्या ऑपरेशनला मिरजेला यायला तयार आहेत. मी म्हटलं नाही, तू म्हटलं नाहीस, ते आपणहून म्हणाले. नाताळ झाला की मी आणून सोडते. तिथं तुझ्याकडे महिनाभर राहतील, मग त्यांना काय वाटतं ते त्यांना विचारू. बघ, शिकले की नाही?

आता हे कसं झालं ते ऐक. आम्ही काल केडगावला गेलो. लढाईच्या दिवसांत बाहेर पडू नका असं श्रीमंत सांगत होता, तर बाबा म्हणाले, लढाई केडगावला नाही. दोन टांगे केले. बाबा, मी, रतनबाई, श्रीमंत आणि प्रत्येक घरातलं एकेक माणूस. म्हातारे कंपाउंडरही आले. ते काठी आपटत म्हणाले, मी नुसता बघायला येतोय.

गोरक्ष विहिरीपाशी उभा होता, सदरा घालून, भांडायच्या तयारीनं. छबूबाई खोपटाच्या दारात. त्या दिवशीची सगळी भाजी चांगुणानं खुडून ओल्या गोणपाटावर ओतून ठेवली होती, एकच मोठा ढीग. बाजारात न्यायची की आम्हाला द्यायची हे तिलाही ठाऊक नव्हतं.

बाबांनी रामराम केला. गोरक्षनं केला. मग बाबा सरळ गोणपाटाकडे गेले आणि मांडी घालून खाली बसले. "वाटे मी घालतो," म्हणाले.

"मास्तर, तुमास्नी दिसतंय का?"

"हाताला दिसतं."

आणि त्यांनी वाटे घातले. मेथीच्या जुड्या हातात तोलत, वांगी बोटांनी चाचपत, किडकं असेल ते बाजूला काढत. मुळ्यांचा जाड-बारीकपणा जुळवत. ऊन कलत होतं. कोथिंबीर तर त्यांनी काडी काडी करून सारखी केली. छबूबाई कधी उठून जवळ येऊन उभी राहिली मला कळलं नाही. वाटे घालून झाले तसे गोरक्षनं ते नजरेनं मोजले, घरंही मोजली, आणि म्हणाला, "एक वाटा जास्तीचा झाला, मास्तर."

"जास्तीचा नाही. तो तुझा."

"माज्याच मळ्यात मला वाटा?"

"वाटेकरी असशील तर," बाबा म्हणाले. "आमच्याबरोबर उचल, आमच्याएवढंच उचल. आम्हाला तुझी जमीन नको, गोरक्ष. बांध तुझा, विहीर तुझी. पण पिकलं ते आपल्या सगळ्यांचं पिकलं आणि जळलं ते सगळ्यांचं जळलं, असं चांगुणाबाईला आम्ही बोललो आहोत. हे पटत नसेल तर तू देणारा आणि आम्ही घेणारे. मग खुशाल घास पेर, माझा राग नाही."

गोरक्षनं विहिरीकडे तोंड फिरवलं. मला वाटलं, गेलं सगळं. चांगुणानं लुगड्याचा काठ मुठीत धरला होता. तेव्हा छबूबाई बोलली, लेकाकडे न बघता, भाजीकडे बघून: "तुज्या बापानं बी येवढं सारकं वाटं कदी घातलं न्हाईत. उचल की."

गोरक्ष पुढं झाला, पण बाबांनी आधी उचलावं म्हणून थांबला. वयानं मोठे ना. बाबा म्हणाले, "नाही. घालणारा शेवटी." मग गोरक्षनं उचलला. रतनबाईनं उचलला, तिचा डोळा आधीपासून एकाच वाट्यावर होता, सगळे सारखे असले तरी. नुसते बघायला आलेले कंपाउंडर वाकले आणि त्यांनीही उचलला. शेवटी एक राहिला, तो बाबांचा. त्यात कारली जरा जास्त होती. बाबांना कारलं चालत नाही हे तुला ठाऊक आहे. त्यांनी ती पिशवीत नीट भरली.

आम्ही निघायच्या बेतात होतो, अंधार पडायच्या आत गावात पोचायचं म्हणून. चांगुणानं वाट अडवली. "वाटेकरी रानातनं न जेवता जात न्हाई," ती म्हणाली. भरीत आणि बाजरीची भाकरी तिनं करूनच ठेवली होती. म्हणजे तिला आधीपासून खात्री होती की काय, कोण जाणे. बाबा म्हणाले, मी जेवून आलोय. खोटं बोलले, सकाळपासून चहावर होते. छबूबाईनं चिंचेखाली गोणपाटं अंथरली. एकच रांग. गोरक्ष बाबांच्या शेजारी बसला, त्याच्या शेजारी कंपाउंडर, आणि वाढायला छबूबाई. मला भीती होती ती तिचीच, जुनं माणूस. ती भाकरी वरून टाकेल की हातात देईल, एवढंच मी बघत होते. तिनं वाकून प्रत्येकाच्या थाळीत ठेवली.

कृपा, आई काय म्हणायची आठवतं? "मास्तरांच्या पानाकडे बघत राहावं लागतं. संपलं तरी ते मागत नाहीत. सासऱ्याच्या घरी नाही, लग्नाच्या पंगतीत नाही, माझ्याकडे तर नाहीच. आपण वाढलं तर खातात, नाही वाढलं तर हात धुतात." मी इतकी वर्षं समजत होते की त्यांची भूकच तेवढी. पावटे सोलले त्या दिवशी मला कळलं की त्यांनी कुणाकडेही भाकरी मागायची नाही असं लहानपणीच ठरवलेलं होतं.

त्यांची भाकरी संपली. भरीत उरलं होतं. मी हातातला घास ठेवून उठणार होते, चांगुणाला खुणावणार होते. तेवढ्यात बाबांनी स्वतःच थाळी उचलली, छबूबाईचा आवाज जिकडून येत होता तिकडे धरली आणि म्हणाले, "अजून अर्धी वाढा."

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. रतनबाईला वाटलं मिरचीनं. छबूबाईनं अर्धी मोडली नाही, अख्खी ठेवली, आणि बाबांनी ती सगळी खाल्ली.

तुझी अक्का,
मरिया